जागेवरून हलायचं नाही

मुंबई-गोवा महामार्गावरून रत्नागिरी शहराकडे जाणारा रस्ता हातखंब्याला फुटतो. गोव्याकडे निघालेली गाडी निवळी मागे टाकून हातखंबा तिठ्यावर येते, रत्नागिरीची माणसं उतरवते आणि शहरात न शिरता तशीच पाली, लांज्याच्या दिशेने निघून जाते. सामानही याच रीतीने येतं. मुंबईत गाडीवाल्याच्या हाती पुडकं द्यायचं आणि सांगायचं, "हातखंब्याला तिठ्यावर, टपरीच्या पुढ्यात आमचा माणूस उभा असेल, त्याच्याकडे द्या." इकडे त्या माणसाला फोन करून बजावायचं, "गाडी येईपर्यंत जागेवरून हलायचं नाही." गाडीवाल्याला त्याचं नाव ठाऊक नसतं, चेहराही ठाऊक नसतो. त्याला जागा तेवढी ठाऊक असते. आपला माणूस पाच मिनिटं चहाला गेला आणि त्या जागी दुसरंच कोणी येऊन उभं राहिलं, तर पुडकं त्या दुसऱ्याच्या हाती पडेल. गाडीवाल्याच्या लेखी काम चोख झालेलं असेल. घोटाळा कळेल तेव्हा गाडी सावंतवाडीच्याही पुढे गेलेली असेल.

संगणकाच्या मेमरीत अशा पुडक्यांची ये-जा अखंड चालू असते. नेटवर्क कार्ड, डिस्क, कॅमेरा, ग्राफिक्स कार्ड ही सारी उपकरणं मेमरीत माहिती आणून टाकतात किंवा तिथून उचलून नेतात, आणि ती सगळी त्या गाडीवाल्यासारखी फक्त जागा ओळखणारी आहेत. ज्या जागेवर माहिती यायची आहे ती जागा उपकरणाचं काम होईपर्यंत जराही हलणार नाही, याची हमी कोणी द्यायची आणि ती हमी कधी मागे घ्यायची, हा या प्रकरणाचा विषय. ऑपरेटिंग सिस्टिमच्या ज्या भागावर ही जबाबदारी येते त्याला डिव्हाइस ड्रायव्हर म्हणतात. त्या कामाला विंडोजच्या जगात पेज लॉक करणं म्हणतात, लिनक्सच्या जगात पिन करणं.

मुळात मेमरी हलते कशाला, हे आधी पाहू. आपण वापरतो तो प्रत्येक प्रोग्रॅम मेमरीचे जे पत्ते वापरतो ते खरे नसतात. ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीचे सारख्या आकाराचे तुकडे पाडते. या तुकड्याला पेज, म्हणजे पान म्हणतात. बहुतेक संगणकांवर एक पान ४,०९६ बाइटचं असतं. आठ जीबी मेमरीत अशी २०,९७,१५२ पानं मावतात. प्रोग्रॅमला वाटतं की आपली पानं एकामागोमाग एक लावलेली आहेत. प्रत्यक्षात ती कुठेही विखुरलेली असतात, आणि प्रोग्रॅमचा कोणता पत्ता खऱ्या मेमरीत कुठे आहे याचा तक्ता ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, सांभाळतो. प्रोसेसर दर वेळी त्या तक्त्यातून पत्ता बदलून घेतो. त्यामुळे कर्नलला मोठी मोकळीक मिळते. मेमरी कमी पडली तर बराच वेळ न वापरलेलं पान डिस्कवर नेऊन ठेवायचं, लागेल तेव्हा परत आणायचं. परत आलेलं पान जुन्याच जागी बसलं पाहिजे असंही नाही. तक्त्यातली एक नोंद बदलली की भागलं. प्रोग्रॅमला पत्ता लागत नाही.

ही युक्ती मँचेस्टर विद्यापीठात तयार झालेल्या ॲटलस संगणकातली. तो १९६२ मध्ये कामाला लागला. टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात ५१२ शब्दांची पानं केली होती, आणि मुख्य मेमरीत बसलेल्या ३२ पानांपैकी प्रत्येकासाठी एक नोंद ठेवली होती. त्या नोंदीत पानाच्या क्रमांकाशेजारी आणखी एक बिट होता. ड्रमवरून, म्हणजे त्या काळच्या डिस्कवरून, एखाद्या पानात माहिती भरली जात असताना तो बिट लावून ठेवायचा, म्हणजे काम पुरं होईपर्यंत प्रोग्रॅमला त्या पानाला हात लावता यायचा नाही. मला हा एक बिट फार मोलाचा वाटतो. पानं हलवण्याची सोय ज्या यंत्राने जगाला दिली, त्याच यंत्रात पान अडकवून ठेवण्याची सोयही पहिल्या दिवसापासून होती. या दोन्ही गोष्टी जुळ्या आहेत.

आता उपकरणाकडे येऊ. नेटवर्कवरून येणारा प्रत्येक बाइट प्रोसेसरने स्वतः उचलून मेमरीत ठेवायचा म्हटलं तर त्याला दुसरं काही सुचायचं नाही. म्हणून उपकरणाला मेमरीशी थेट व्यवहार करू देतात. याला डीएमए म्हणतात. ड्रायव्हर उपकरणाला सांगतो, अमुक खऱ्या पत्त्यापासून इतके बाइट भर, आणि झालं की कळव. मग प्रोसेसर आपल्या कामाला लागतो. उपकरण प्रोग्रॅमचा तक्ता बघत नाही. त्याच्याजवळ खरा पत्ता असतो. आज बऱ्याच संगणकांत उपकरणांसाठीही पत्ते बदलणारा एक वेगळा भाग असतो, त्याला आयओएमएमयू म्हणतात. पण त्याचा तक्ता ड्रायव्हरने भरून ठेवलेला असतो, आणि प्रोग्रॅमच्या तक्त्यातली नोंद बदलली म्हणून हा आपोआप बदलत नाही.

उपकरण काम करत असताना कर्नलने तेवढ्यात ते पान उचलून डिस्कवर नेलं आणि रिकामी झालेली जागा दुसऱ्या प्रोग्रॅमला दिली, तर उपकरण त्या दुसऱ्या प्रोग्रॅमच्या माहितीवर लिहून मोकळं होईल. कुठेही घंटा वाजणार नाही. एखाद्याच्या हिशेबात भलताच आकडा दिसेल, एखादं चित्र मधूनच विस्कटेल, एखादा प्रोग्रॅम दोन तासांनी कोसळेल. आणि शोधणारा माणूस भलत्याच ठिकाणी शोधत बसेल. प्रणालीच्या दुरुस्तीत याहून छळणारी चूक क्वचित सापडते.

म्हणून ड्रायव्हरने आधी पानं अडकवायची. प्रोग्रॅमने दिलेला पत्ता त्याच्याच मालकीचा आहे का, तिथे लिहायची परवानगी आहे का, हे तपासायचं. पान डिस्कवर गेलेलं असेल तर मेमरीत आणायचं. मग कर्नलकडून वचन घ्यायचं की हे पान इथून हलणार नाही, आणि त्यानंतरच खरा पत्ता उपकरणाच्या हाती द्यायचा. विंडोजमध्ये एमएमप्रोबअँडलॉकपेजेस नावाचं फंक्शन ही तपासणी आणि अडकवणी एकदमच करतं. लिनक्सवर वर्षानुवर्षं गेट यूझर पेजेस नावाचं फंक्शन या कामाला वापरलं गेलं.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. लिनक्समध्ये एमलॉक नावाची आणखी एक सोय आहे, आणि पुष्कळ प्रोग्रॅमर तिलाच पुरेशी समजतात. एमलॉकचं वचन एवढंच, की हे पान डिस्कवर जाणार नाही. ते मेमरीतच राहील. पण मेमरीत कुठे राहील, याबद्दल त्यात शब्दही नाही. मेमरीत सलग मोकळी जागा करण्यासाठी कर्नल पानं इकडची तिकडे सरकवतो, तेव्हा एमलॉक केलेलं पानही सरकू शकतं. प्रोग्रॅमला त्याने फरक पडत नाही, उपकरणाला पडतो. उपकरणासाठी पिनच हवी.

आता महाराष्ट्रातलं एक उदाहरण पाहू, जिथे हा प्रश्न अगदी टोकाला जातो. पुण्याच्या उत्तरेला, नारायणगावजवळ खोडद इथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली, आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवतं. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना; त्यांतल्या १४ मध्यभागी जवळजवळ, बाकी १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. प्रत्येक अँटेनाचा संदेश दुसऱ्या प्रत्येक अँटेनाच्या संदेशाशी ताडून बघितला की आकाशाचं चित्र मिळतं. तीस अँटेनांच्या अशा ४३५ जोड्या होतात.

ही ताडणी पूर्वी खास बनवलेली यंत्रं करत. २०१० च्या सुमारास तिथल्या शास्त्रज्ञांनी हे काम बाजारात मिळणाऱ्या साध्या संगणकांच्या समूहावर आणलं. तेव्हा टिपायच्या वारंवारितांचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झचा होता. पुढे दुर्बीण अद्ययावत झाली, पट्टा ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेला आणि संगणकांना ग्राफिक्स प्रोसेसरांची जोड मिळाली. हिशेब करून पाहा. एवढा पट्टा टिपायचा तर एका संदेशाचे सेकंदाला किमान त्याच्या दुप्पट, म्हणजे ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. प्रत्येक अँटेनाचे दोन संदेश, म्हणजे एकूण ६०. सेकंदाला ४,८०० कोटी नमुने. त्या प्रवाहाला थांब म्हणता येत नाही, कारण तो आकाशातून येतो आहे. पुन्हा पाठव म्हणायलाही कोणी नाही.

हे नमुने आधी एफपीजीए, म्हणजे हवं तसं सर्किट रचता येणाऱ्या चिपच्या, बोर्डांवर तयार होतात, तिथून वेगवान ईथरनेटने संगणकांत येतात, संगणकांत आपसात इन्फिनिबँड नावाच्या वेगवान जाळ्यावरून वाटले जातात आणि मग ग्राफिक्स प्रोसेसरकडे जातात. यातला जवळजवळ प्रत्येक टप्पा पिन केलेल्या पानांवर उभा असतो. इन्फिनिबँड कार्डाशी थेट व्यवहार करायचा तर मेमरी आधी त्याच्याकडे नोंदवावी लागते, आणि नोंदवणं म्हणजे पानं पिन करून त्यांचे पत्ते कार्डाला देणं. ग्राफिक्स प्रोसेसरचंही तसंच. एन्व्हिडियाच्या कूडा प्रणालीत साध्या मेमरीतली माहिती पाठवायला सांगितली, तर ड्रायव्हर ती आधी स्वतःच्या पिन केलेल्या जागेत उतरवून घेतो आणि मग पाठवतो. म्हणजे एक नक्कल फुकटची. प्रोग्रॅमने सुरुवातीलाच पिन केलेली मेमरी मागून घेतली, तर ही नक्कल वाचते, आणि माहिती पाठवणं आणि गणित करणं एकाच वेळी चालू ठेवता येतं. सेकंदाला हजारो कोटी नमुने येत असताना एक जास्तीची नक्कल म्हणजे किती ओझं, हे वेगळं सांगायला नको.

अशा ठिकाणी शहाणी रीत ही, की काम सुरू होताना एकदाच पानं पिन करायची, त्यांचं गोल फिरणारं कडं करायचं, आणि निरीक्षण संपेपर्यंत तीच पानं पुन्हा पुन्हा भरायची. कारण पिन करणं स्वस्त नसतं. प्रत्येक पानासाठी तक्ता धुंडाळायचा, पान कितीजण वापरत आहेत ती मोजणी वाढवायची, आयओएमएमयूत नोंद करायची. सोडताना हे सगळं उलटं. चार-दोनशे बाइटच्या पुडक्यासाठी हा खटाटोप करण्यापेक्षा सरळ नक्कल केलेली परवडते. नवे प्रोग्रॅमर पिनिंगचा फायदा वाचून जिथे तिथे ते लावायला जातात. मला ती घाई चुकीची वाटते. प्रवाह मोठा आणि सततचा असेल तरच ते लावावं.

पुण्याच्या सी-डॅकलाही ही गरज फार आधी जाणवली होती. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक बनवला. पुढे जून २००३ मध्ये जगातल्या पाचशे वेगवान संगणकांच्या यादीत तिचा परम पद्म १७१व्या क्रमांकावर होता. त्याचे शेकडो प्रोसेसर एकमेकांशी बोलावेत म्हणून सी-डॅकने परमनेट-२ हे स्वतःचं जाळं केलं, आणि त्यावर क्षिप्रा नावाचा संदेश पाठवण्याचा हलका सॉफ्टवेअर थर बसवला. महासंगणकात एवढी खटपट का करावी लागते? नेहमीच्या इंटरनेटच्या रीतीने गेलं तर प्रत्येक संदेश कर्नलमधून जातो आणि वाटेत त्याच्या नकला होतात. संदेश थेट प्रोग्रॅमच्या मेमरीतून जाळ्यावर जावा असं वाटत असेल, तर प्रोग्रॅमची पानं अडकवण्यावाचून गत्यंतर नाही.

इथवर अडकवण्याबद्दल झालं. खरी परीक्षा सोडताना होते.

सोडण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी उपकरणाचं काम खरोखर संपलं आहे ना याची खात्री. मग आयओएमएमयूतली नोंद काढायची आणि तिची जुनी आठवण उपकरणाच्या बाजूने पुसायची. उपकरणाने पानावर लिहिलं असेल, तर तसं कर्नलला सांगायचं. कारण प्रोसेसरने लिहिलं की पानावर बदलल्याची खूण आपोआप पडते, उपकरणाने लिहिलं की पडत नाही. ही खूण राहिली तर कर्नल समजेल की पान जुनंच आहे, आणि नवी माहिती डिस्कवर न लिहिताच ते टाकून देईल. एवढं झालं की पान सोडायचं. क्रम उलटा झाला, आधी पान सुटलं आणि उपकरण मागाहून थांबलं, तर मधल्या क्षणात सुरुवातीचाच घोटाळा.

सोडायला विसरलं तर? विंडोज याबाबतीत कडक आहे. एखादा प्रोग्रॅम बंद होताना त्याची पानं कोणा ड्रायव्हरने अजून लॉक करून ठेवलेली आढळली, तर विंडोज 'प्रोसेस हॅज लॉक्ड पेजेस' असं कारण देऊन निळा पडदा दाखवते आणि सगळा संगणक थांबवते. वापरणाऱ्याला हे क्रूर वाटेल. पण पान परत घेतलं आणि उपकरण अजून लिहीत असलं तर कोणाची तरी माहिती गुपचूप बिघडेल. त्यापेक्षा उघड थांबलेलं बरं, हा त्यामागचा विचार आहे आणि मला तो पटतो. लिनक्समध्ये असं विसरलेलं पान मोजणीत अडकून राहतं. प्रोग्रॅम संपला तरी ते मोकळं होत नाही, आणि हळूहळू मेमरी गळत जाते.

गेट यूझर पेजेसमध्ये एक खोल दोष होता, आणि त्यावर उपाय यायला २०२० साल उजाडलं. प्रत्येक पान कितीजण वापरत आहेत याची एक मोजणी कर्नल ठेवतो. पान मागून घेतलं की ती एकाने वाढे, मग ते उपकरणासाठी असो की कर्नलच्या दुसऱ्या कुठल्या क्षणभराच्या कामासाठी. त्यामुळे आकडा पाहून कळेना, की या पानावर आत्ता उपकरण लिहीत आहे की नाही. फाइलची पानं असत तेव्हा याचा फटका बसे. फाइल सिस्टिम पान डिस्कवर लिहून स्वच्छ झालं असं समजे, आणि त्यानंतर उपकरण त्यावर लिहून जाई. मग ड्रायव्हर सांगे की पान बदललं आहे, आणि फाइल सिस्टिमची मागची सारी तयारी मोडलेली असे. कर्नल मध्येच कोसळल्याची उदाहरणं घडली.

उपाय सुचायला सोपा: पिनसाठी वेगळी मोजणी ठेवायची. पण प्रत्येक पानामागे कर्नलची ६४ बाइटची नोंद असते. आठ जीबी मेमरीत या नोंदीच १२८ एमबी जागा खातात. त्यात एक आकडाही जास्तीचा घालणं म्हणजे जगातल्या प्रत्येक फोनमधून थोडी मेमरी काढून घेणं. एन्व्हिडियाचे जॉन हबर्ड आणि इतरांनी मग पिनसाठी वेगळं फंक्शन केलं आणि जुन्याच मोजणीत जागा शोधली. साध्या वापराला मोजणी एकाने वाढते. पिन केलं तर १,०२४ ने. मोजणी १,०२४ च्या खाली असेल तर पान नक्की पिन केलेलं नाही. वर असेल तर बहुधा पिन केलेलं आहे. एखाद्या पानाला एकाच वेळी हजारावर साधे वापरकर्ते असले, तर अंदाज चुकेल, पण तो सावधगिरीच्या बाजूने चुकेल. नोंदीत एका बाइटचीही भर न घालता प्रश्न सुटला. कर्नलमधल्या इतक्या सुंदर तडजोडी मी थोड्याच पाहिल्या आहेत.

त्याच मोजणीने आणखी एक जुनी व्याधी बरी झाली. युनिक्समध्ये एक प्रोग्रॅम स्वतःची प्रत काढून नवा प्रोग्रॅम जन्माला घालतो. प्रत काढताना पानं लगेच दोनदा लिहीत नाहीत. दोघं मिळून तीच पानं वापरतात आणि जो आधी लिहायला जाईल त्याला नवी नक्कल मिळते. मूळ प्रोग्रॅमच्या एका पानात नेटवर्क कार्ड माहिती आणून टाकणार होतं असं समजा. प्रत निघाली, आणि मूळ प्रोग्रॅमनेच त्या पानावर आधी काही लिहिलं. नवी नक्कल त्याला मिळाली, जुनं पान नव्या प्रोग्रॅमकडे, म्हणजे मुलाकडे गेलं, आणि कार्ड जुन्या पानावर लिहीत राहिलं. पान जागचं हललंच नव्हतं. त्याचा धनी बदलला होता. इन्फिनिबँड वापरणाऱ्यांनी यासाठी बरीच वर्षं प्रत काढतेवेळी काही पानं वगळण्याची सूचना देऊन वेळ निभावली. २०२० च्या अखेरीस आलेल्या कर्नलमध्ये पिन केलेल्या पानाची नक्कल प्रत काढतानाच करून मुलाला दिली जाऊ लागली, आणि मूळ पान मूळ प्रोग्रॅमकडेच राहिलं.

पिन केलेली पानं इतरांची अडचणही करतात. तिठ्यावर वाट बघणाऱ्या प्रवाशाच्या हातातला फोन घ्या. काही फोनमध्ये कॅमेऱ्याला मेमरीची सलग मोठी पट्टी लागते. एरवी ती पट्टी कोरी ठेवणं परवडत नाही, म्हणून कर्नल तिथे इतर प्रोग्रॅमची पानं बसू देतो, आणि कॅमेरा सुरू झाला की ती उठवून दुसरीकडे नेतो. त्या पट्टीत एकच पान जरी कोणी पिन करून ठेवलं असेल तर पट्टी सलग होत नाही. म्हणून फार काळ पिन करायचं असेल, तर लिनक्समध्ये तसं आधी सांगावं लागतं, आणि कर्नल ते पान आधीच अशा पट्टीबाहेर नेतो आणि मग अडकवतो. साध्या वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमला किती मेमरी अडकवता येईल, यालाही मर्यादा असते. लिनक्समध्ये ती पूर्वी ६४ केबी होती, म्हणजे अवघी १६ पानं. २०२२ च्या सुरुवातीला आलेल्या ५.१६ या आवृत्तीत ती ८ एमबी झाली.

आता पिन न करताच भागेल अशी उपकरणंही आली आहेत. काही इन्फिनिबँड कार्डांना पान जागेवर नसेल तर तसं कर्नलला कळवता येतं. कर्नल पान आणून देतो आणि काम पुढे चालू होतं. लिनक्समध्ये ही सोय २०१५ पासून आहे. ग्राफिक्स प्रोसेसरही प्रोग्रॅमचाच तक्ता वापरू लागले आहेत. ज्या कामाला थोडं थांबणं चालतं, तिथे ही पद्धत पिनिंगची जागा घेत जाईल असं मला वाटतं, आणि घ्यावी.

खोडदला मात्र ते जमणार नाही. पान डिस्कवरून आणायला एक मिलिसेकंद लागला असं धरलं, तरी तेवढ्या वेळात एकेका संदेशाचे आठ लाख नमुने येऊन थडकतात, साठ संदेशांचे मिळून चार कोटी ऐंशी लाख. कार्डावरची छोटी मेमरी भरून वाहते, नमुने गळतात, आणि ४३५ जोड्यांच्या ताडणीत तेवढ्या क्षणाची खाच पडते. अशा दुर्बिणीच्या संगणकांत निरीक्षण सुरू होण्याआधी पानं अडकवावी लागतात, आणि शेवटची नोंद डिस्कवर उतरेपर्यंत ती सोडता येत नाहीत.